दाद, गजकर्ण, नायटा : जुनी औषधं हरत असताना नव्या औषधांचा शोध कुठवर आलाय?

"भाई, ती खाजेची ट्यूब द्या ना, मागच्या वेळची." मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. कोणी चिठ्ठी मागत नाही, कोणी ट्यूबवरचं नाव वाचत नाही. दोन दिवस लावलं की खाज थांबते आणि ट्यूब कपाटात जाते. महिन्याभराने तीच खाज पुन्हा येते. आधी जांघेत होती, आता कमरेपर्यंत आलेली असते. मग घरात बायकोला होते, मुलांना होते, आणि तीच ट्यूब सगळं घर वापरायला लागतं.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी दाद हा किरकोळ आजार समजला जायचा. दोन-तीन आठवडे मलम लावलं की गेला. आज तोच आजार सहा-सहा महिने हटत नाही आणि त्वचारोग तज्ज्ञांच्या दवाखान्यात रांगा लागतात. असं का झालं? नवी औषधं कधी येणार? जगात कोण, कुठे, काय शोधतंय? आणि ती येईपर्यंत आपण काय करायचं? या लेखात आम्ही ही माहिती एका ठिकाणी मांडतो आहोत. लेख थोडा लांब आहे, पण ज्यांच्या घरात ही खाज मुक्कामाला आली आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावा.

हा आजार नेमका कोणता?

आपण ज्याला दाद, गजकर्ण किंवा नायटा म्हणतो तो बुरशीमुळे होतो. इंग्रजीत त्याला रिंगवर्म म्हणतात, पण त्यात किड्याचा काही संबंध नाही. आपली त्वचा, केस आणि नखं केराटिन नावाच्या प्रथिनाने बनलेली असतात. काही बुरश्या हे केराटिन खाऊनच जगतात. त्यांना डर्माटोफाइट म्हणतात. त्या त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरात राहतात आणि गोलाकार पसरत जातात. म्हणून कडा लाल व उठलेली आणि मधला भाग साफ अशी चकती दिसते.

जागा बदलली की नाव बदलतं. अंगावर झालं तर गजकर्ण. पायाच्या बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलायला लागली की आपण चिखल्या म्हणतो, त्यातही बऱ्याचदा हीच बुरशी असते. नखात शिरली तर नख जाड, पिवळं आणि ठिसूळ होतं. लहान मुलांच्या डोक्यात झाली तर तिथले केस तुटतात. छाती-पाठीवर येणारे शिबं मात्र वेगळ्या बुरशीचे असतात आणि बाळाच्या लंगोटाखाली होणारा लालसरपणा बऱ्याचदा कॅन्डिडा नावाच्या तिसऱ्याच बुरशीचा असतो. म्हणजे प्रत्येक खाज ही दाद नाही आणि प्रत्येक बुरशीला एकच औषध लागू पडत नाही.

बुरशीला उब, घाम आणि ओल आवडते. मालेगाव-भिवंडीच्या पॉवरलूममध्ये बारा तास उभा राहणारा कामगार, भट्टीसमोरचा बेकरीवाला, दिवसभर घट्ट जीन्समध्ये बाईक चालवणारा डिलिव्हरी बॉय, एका खोलीत दाटीने राहणारी वसतिगृहाची मुलं, ही सगळी तिला सोयीची ठिकाणं आहेत. यात कोणाच्या अस्वच्छपणाचा दोष नाही. रोज अंघोळ करणाऱ्यालाही दाद होते.

बुरशीवर औषध शोधणं एवढं अवघड का?

जीवाणूंवर शेकडो अँटिबायोटिक्स आहेत, मग बुरशीवर मोजकीच औषधं का? कारण बुरशी आपल्या फार जवळची नातेवाईक आहे. जीवाणूची पेशी आपल्या पेशीपेक्षा खूप वेगळी असते. त्यामुळे त्याला मारून आपल्याला वाचवणारं औषध मिळणं तुलनेने सोपं जातं. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीसारखीच चालते. तिला मारणारं विष बऱ्याचदा आपल्यालाही बाधतं.

म्हणून संशोधक बुरशीत असलेली आणि आपल्यात नसलेली गोष्ट शोधत राहतात. अशा गोष्टी थोड्याच आहेत. सगळ्यात उपयोगी ठरली ती एर्गोस्टेरॉल. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, तर बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं. आज दादीवर दिली जाणारी बहुतेक औषधं हे एर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतली एखादी कडी तोडतात. टर्बिनाफिन एक कडी तोडतं. क्लोट्रिमाझोल, फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, लुलिकोनाझोल ही 'अझोल' गटातली औषधं दुसरी कडी तोडतात. म्हणजे दुकानात वीस नावांच्या ट्यूब दिसल्या तरी आतल्या युक्त्या दोन-तीनच आहेत. बुरशी त्या दोन-तीन युक्त्या शिकली की वीसच्या वीस नावं निकामी व्हायला लागतात. पूर्ण समस्या या एका वाक्यात आहे.

त्वचेची आणखी एक अडचण आहे. बुरशी मेलेल्या थरात राहते आणि तिथे रक्त पोहोचत नाही. पोटातून घेतलेलं औषध नव्या त्वचेत किंवा नखात भरून वर यावं लागतं, आणि नख वाढायला महिनोन् महिने लागतात. वरून लावलेलं मलम जाड नखातून किंवा तळपायाच्या कातडीतून नीट आत जात नाही. प्रयोगशाळेत बुरशी मारणारी कितीतरी रसायनं याच ठिकाणी हरतात.

आधीच्या पिढ्यांनी औषधं कशी शोधली?

गोळ्या नव्हत्या तेव्हा काय होतं? लंडनच्या आर्थर व्हिटफिल्ड यांनी १९०७ च्या सुमारास बेंझोइक आणि सॅलिसिलिक आम्लाचं मलम वापरात आणलं. ते त्वचेचा वरचा थर सोलून बुरशीला बाहेर काढतं. ते स्वस्त आहे आणि आजही मिळतं. मुलांच्या डोक्यातल्या दादीला मात्र मलम पुरत नसे. त्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पॅरिससह अनेक शहरांत क्ष-किरणांनी केस गाळायची पद्धत होती. १९४० आणि ५० च्या दशकांत इस्रायलमध्ये उत्तर आफ्रिका व मध्यपूर्वेतून आलेल्या हजारो मुलांच्या डोक्यावर असे किरण सोडले गेले. पुढे त्यांच्यात मेंदूच्या आणि थायरॉइडच्या गाठी जास्त आढळल्या आणि १९९४ मध्ये तिथे नुकसानभरपाईचा कायदा करावा लागला. चांगलं औषध हाताशी नसलं की माणूस किती महाग इलाज करतो, याचा हा धडा आहे.

पहिली खरी गोळी म्हणजे ग्रिसिओफल्विन. ती सापडली एका बुरशीतच. लंडनमध्ये हॅरॉल्ड रायस्ट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये पेनिसिलियम ग्रिसिओफल्व्हम या बुरशीतून ती वेगळी केली. पण माणसाच्या दादीवर ती चालेल हे कळायला १९५८ उजाडलं. त्या वर्षी ग्लासगोच्या जेम्स जेंटल्स यांनी दाद झालेल्या गिनीपिगना ती खायला घालून बरं केलं. मधली एकोणीस वर्षं औषध होतं, पण ते औषध आहे हे कोणाला माहीत नव्हतं. पोटातून घेतलेली गोळी त्वचेची बुरशी बरी करते हा त्या काळी मोठा शोध होता.

त्याच सुमारास अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोन महिला मातीचे नमुने तपासत होत्या. एक न्यूयॉर्क शहरात बुरशीवर चाचणी करायची, दुसरी ऑल्बनीत रसायन वेगळं करायची आणि बरण्या पोस्टाने इकडून तिकडे जायच्या. व्हर्जिनियातल्या एका गोठ्याजवळच्या मातीतून त्यांना निस्टॅटिन मिळालं. ते १९५० मध्ये जाहीर झालं. ते कॅन्डिडावर चालतं, दादीवर नाही. या औषधाच्या रॉयल्टीचे एक कोटी तीस लाख डॉलरहून जास्त पैसे त्या दोघींनी स्वतःकडे न ठेवता विज्ञानाच्या कामाला दिले.

पुढे १९६० च्या दशकाअखेरीस क्लोट्रिमाझोल आणि मायकोनाझोल आले. १९७४ मध्ये व्हिएन्नातल्या सँडोझच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या औषधांवर काम चालू असताना योगायोगाने नॅफ्टिफिन हाती लागलं. त्याच्यात सुधारणा करून टर्बिनाफिन बनलं, जे १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९९६ मध्ये गोळीच्या रूपात अमेरिकेत मंजूर झालं. ते एवढं गुणकारी होतं की पुढची वीस वर्षं दादीचा प्रश्न सुटला असंच सगळ्यांना वाटत होतं.

सगळीच औषधं टिकली नाहीत. कीटोकोनाझोलची गोळी १९८० च्या दशकात फार चालली. पण ती यकृताला इजा करू शकते हे दिसल्यावर २०१३ मध्ये युरोपने बुरशीसाठी ती बंद करायला सांगितलं आणि अमेरिकेने तिच्यावर कडक मर्यादा घातल्या. शाम्पू आणि मलम म्हणून कीटोकोनाझोल आजही चालतं.

मग बिघडलं कुठं?

बिघडलं आपल्याच देशात, हे कबूल करायला हवं. साधारण गेल्या दशकापासून भारतातल्या दादीचं रूप बदललं. चकत्या मोठ्या, अंगभर पसरलेल्या, चेहऱ्यावरसुद्धा, आणि टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या. तपासणीत एक वेगळीच बुरशी दिसायला लागली. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. नावातच 'इंडो' आहे, म्हणजे भारताची ओळख आता या बुरशीलाही चिकटली.

या बुरशीने टर्बिनाफिनला चकवलं ते एका छोट्या बदलाने. टर्बिनाफिन बुरशीच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाच्या एन्झाइमला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम थांबवतं. कुलुपात किल्ली बसावी तसं समजा. या बुरशीत त्या एन्झाइमच्या साखळीतला ३९३ किंवा ३९७ क्रमांकाचा एक मणी बदललेला असतो. कुलूप चालू राहतं, पण किल्ली बसत नाही. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळपास एक तृतीयांशांत टर्बिनाफिनचा प्रतिकार दिसला. नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण आणखी वाढलेलं आढळलं.

रुग्णांवर याचा काय परिणाम झाला? बनारस हिंदू विद्यापीठात २०० रुग्णांवर एक चाचणी झाली आणि ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. पन्नास-पन्नासचे चार गट करून प्रत्येकाला वेगळी गोळी दिली. आठ आठवड्यांनी इट्राकोनाझोल घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के बरे झाले, फ्लुकोनाझोलने ४२ टक्के, टर्बिनाफिनने २८ टक्के आणि ग्रिसिओफल्विनने फक्त १४ टक्के. एकेकाळचं सर्वांत भरवशाचं औषध दहापैकी तिघांनाही बरं करू शकलं नाही. सगळ्यात चांगल्या औषधानेही दर तीनपैकी एक जण आजारीच राहिला.

मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने न्यूयॉर्कमधल्या दोन महिलांची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेत या बुरशीच्या या पहिल्या नोंदी होत्या. एक महिला बांगलादेशातून परतली होती. दुसरी मात्र परदेशात गेलीच नव्हती, म्हणजे बुरशी तिथे आधीच फिरत होती. आखाती देश, युरोप आणि कॅनडातूनही अशा नोंदी आल्या आहेत.

आता त्या 'खाजेच्या ट्यूब'कडे येऊ. यातल्या अनेक ट्यूबमध्ये तीन-चार औषधं एकत्र असतात : एक बुरशीचं, एक-दोन जीवाणूंची आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं जोरदार स्टेरॉइड. खाज दोन दिवसांत थांबते ती स्टेरॉइडमुळे. पण स्टेरॉइड बुरशीला मारत नाही. ते आपल्या त्वचेची लढायची ताकद दाबून टाकतं. लाली जाते, कडा पुसट होते, आजार गेल्यासारखा वाटतो आणि आत बुरशी आरामात वाढत राहते. पुढे डॉक्टरलाही ही दाद आहे हे पटकन ओळखता येत नाही. बरेच महिने वापरलं तर जांघेत, काखेत, मांड्यांवर कातडी पातळ होऊन कायमचे पांढरे-लाल चट्टे पडतात. ते नंतर कुठल्याही औषधाने जात नाहीत.

भारतीय त्वचारोग तज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला. २०१६ आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने शेकडो मिश्र औषधांवर बंदी आणली, त्यात अशी काही मिश्रणंही होती. २०१८ मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड औषधं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर नियम आहे. काउंटरवर काय चालतं ते आपण सगळे जाणतो.

नवी औषधं कुठून येणार?

शोध चार-पाच वाटांनी चालला आहे.

पहिली वाट म्हणजे त्याच युक्तीचं जास्त धारदार औषध. लुलिकोनाझोल हे त्याचं उदाहरण. २००५ मध्ये जपानमध्ये आणि २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं हे मलम त्वचेत जास्त वेळ टिकतं आणि अगदी कमी मात्रेत बुरशीवर चालतं. भारतात ते खूप वापरलं जातं. नखांसाठी एफिनाकोनाझोलचे थेंब निघाले. ते जाड नखातून चांगले झिरपतात. पण ही दोन्ही अझोलच आहेत. बुरशी अझोलला सरावली तर ही धारही बोथट होणार.

दुसरी वाट म्हणजे पूर्ण नवी युक्ती. २०१४ मध्ये अमेरिकेत टॅव्हाबोरोल मंजूर झालं. त्याच्या रेणूत बोरॉन आहे आणि ते एर्गोस्टेरॉलला हातच लावत नाही. ते बुरशीला प्रथिनं बनवू देत नाही. मात्र ते फक्त नखांसाठी आहे. ब्रिटनमध्ये शोधलेलं ओलोरोफिम हे आणखी एक. ते बुरशीच्या डीएनएसाठी लागणारा कच्चा माल तोडतं. ते प्रामुख्याने फुप्फुसाच्या जीवघेण्या बुरशीसाठी बनवलं जात आहे आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये मंजुरी न देता जास्त माहिती मागितली. प्रयोगशाळेत मात्र टर्बिनाफिनला न जुमानणाऱ्या दादीच्या बुरशीवरही त्याचा असर दिसला आहे. दादीच्या रुग्णाच्या हातात ते लगेच येईल असं मात्र समजू नये.

तिसरी वाट आहे जुन्या औषधाला नवं वाहन देण्याची. इट्राकोनाझोल हे आज आपलं सगळ्यात उपयोगी हत्यार, पण ते पोटात नीट शोषलं जात नाही. कॅप्सूलमधल्या बारीक दाण्यांची प्रत कमी-जास्त असली की परिणामही कमी-जास्त होतो. म्हणून जास्त शोषलं जाणारं इट्राकोनाझोल बनवलं गेलं आणि ते भारतात मिळतं. औषध त्वचेत खोल पोहोचवणारी जेल, सूक्ष्म कणांची मलमं यांवरही बरंच काम चालू आहे.

चौथी वाट म्हणजे औषधं जोडून देणं आणि दुसऱ्या आजारासाठी बनलेलं औषध इथे वापरून पाहणं. शरीराच्या आतल्या गंभीर बुरशीसाठी राखून ठेवलेलं व्होरिकोनाझोल काही हट्टी रुग्णांना तज्ज्ञ देतात. पण शेवटचं हत्यार सरसकट वापरलं तर तेही जाईल, ही भीती त्यांनाही आहे.

पाचवी वाट लसीची. गुरांच्या दादीवर सोव्हिएत काळात लस तयार झाली आणि नॉर्वेसारख्या देशाने ती वापरून गोठ्यातली दाद जवळपास संपवली. माणसासाठी मात्र अशी लस अजून नाही.

यात शेतीचाही संबंध येतो. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांपासून युरोपच्या गव्हापर्यंत पिकांवर फवारली जाणारी कितीतरी बुरशीनाशकं अझोल गटातलीच आहेत. फुप्फुसात जाणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीने शेतातूनच अझोलचा प्रतिकार शिकल्याचे पुरावे आहेत. आता ओलोरोफिमसारख्याच युक्तीचं पिकांचं बुरशीनाशकही बाजारात आलं आहे. म्हणजे दवाखान्यात पोहोचण्याआधीच नवं औषध शेतात खर्ची पडायचा धोका आहे.

साताऱ्यापासून खार्तूमपर्यंत

त्वचेच्या बुरशीचा एक प्रकार दादीपेक्षा फार भयानक आहे. अनवाणी चालताना काटा टोचतो, बुरशी कातडीखाली जाते, वर्षानुवर्षं पाय सुजत जातो, छिद्रं पडून त्यातून दाणे बाहेर येतात आणि शेवटी पाय कापावा लागतो. याला मायसेटोमा म्हणतात. दक्षिणेतल्या मदुराईवरून त्याला 'मदुरा फूट' हे नाव पडलं. हा आजार बुरशीमुळे होतो हे मांडणाऱ्यांत हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांचं नाव मोठं आहे. 'ग्रेज अॅनाटॉमी' या प्रसिद्ध ग्रंथाची चित्रं काढणारे हेच कार्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होते, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. १८७४ मध्ये त्यांनी या आजारावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं.

दीडशे वर्षांनंतरही या आजारावर चांगलं औषध नव्हतं, कारण तो गरीब शेतकऱ्यांना आणि गुराख्यांना होतो. सगळ्यात जास्त झळ सुदानला बसते. खार्तूमच्या मायसेटोमा रिसर्च सेंटरने १९९१ पासून यावर काम केलं. २०१७ मध्ये तिथे एका ना-नफा संस्थेच्या आणि जपानी कंपनीच्या मदतीने फॉसरॅव्हुकोनाझोल या औषधाची चाचणी सुरू झाली. जपानमध्ये हे औषध २०१८ मध्ये नखांच्या बुरशीसाठी मंजूर झालं. सुदानच्या चाचणीत ते इट्राकोनाझोलच्या तोडीचं निघालं. फरक असा की इट्राकोनाझोल रोज जेवणाबरोबर घ्यावं लागतं, हे आठवड्यातून एकदा. ज्याच्या घरी रोजच्या पोटभर जेवणाचीच खात्री नाही त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं. ते केंद्र त्यात उद्ध्वस्त झालं आणि दशकांची माहिती व नमुने गेले. औषधाचा शोध फक्त प्रयोगशाळेत अडत नाही, तो असाही अडतो.

कलौंजी, कडुनिंब, लसूण यांचं काय?

हा प्रश्न येणारच, म्हणून सरळ लिहितो. कलौंजीतला थायमोक्विनोन, लसणातला अजोईन, कडुनिंब, हळद, टी-ट्री तेल यांचा बुरशीवर प्रयोगशाळेत असर दिसला आहे. अजोईनच्या मलमाचे व्हेनेझुएलात माणसांवर छोटे अभ्यासही झाले. ग्रिसिओफल्विन आणि निस्टॅटिन निसर्गातूनच आले, तेव्हा या वाटेला हसण्याचं कारण नाही.

पण काचेच्या बशीत बुरशी मरणं आणि माणसाच्या जांघेतली दाद बरी होणं यात मोठं अंतर आहे. किती मात्रा, किती दिवस, आजच्या हट्टी बुरशीवर किती चालतं, हे मोठ्या चाचण्यांतून ठरलेलं नाही. कच्चा लसूण ठेचून लावल्याने कातडी अक्षरशः भाजते. खोबरेल तेलात कलौंजी घालून लावल्याने कोरडेपणा कमी होईल, पण त्या भरवशावर डॉक्टरकडे जाणं लांबवू नका. आणि 'हर्बल' लिहिलेल्या बिननावाच्या डबीत स्टेरॉइड मिसळलेलं नाही याची खात्री कोण देणार?

नवं औषध यायला एवढा वेळ का?

आधी काचेत पाहतात की किती कमी मात्रेत बुरशी थांबते. मग प्राण्यांवर. मग थोड्या निरोगी माणसांवर, फक्त सुरक्षिततेसाठी. मग थोड्या रुग्णांवर, मग शेकडो रुग्णांवर जुन्या औषधाशी तुलना करून. नुसती खाज गेली म्हणून औषध पास होत नाही. कातडी खरवडून तपासल्यावर बुरशी दिसता कामा नये आणि औषध थांबवल्यावर आजार परत येता कामा नये. यात दहा-बारा वर्षं सहज जातात.

पैशाचाही प्रश्न आहे. दादीने माणूस मरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पहिल्यांदा धोकादायक बुरश्यांची यादी काढली. तिच्यात १९ नावं आहेत, मायसेटोमाच्या बुरश्या आहेत, पण दादीची बुरशी नाही. जीव जाणाऱ्या आजारांना आधी पैसा मिळावा हे बरोबरच आहे. पण रात्र-रात्र न झोपणारा, लाजेने घराबाहेर न पडणारा, लग्न लांबवणारा माणूस कुठल्याच यादीत येत नाही.

तोवर आपण काय करायचं?

नवं औषध येईपर्यंत आहे ती औषधं वाचवणं आपल्या हातात आहे.

- ट्यूब घेण्याआधी त्यावरची औषधांची नावं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन यातलं एकही नाव असेल तर दादीवर स्वतःच्या मनाने लावू नका.
- शक्य असेल तर त्वचारोग तज्ज्ञांकडे जा. सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागातही इलाज होतो. कातडी खरवडून केओएच तपासणी करता येते. ती स्वस्त असते आणि लवकर होते.
- मलम चकतीवरच नाही, तर तिच्या बाहेर दोन बोटं रुंदीपर्यंत लावा. खाज थांबली म्हणून थांबू नका. डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे पूर्ण करा. डाग गेल्यानंतरही साधारण दोन आठवडे लावायला सांगतात.
- गोळ्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नका. इट्राकोनाझोल कॅप्सूल जेवणानंतर घ्यायची असते. ॲसिडिटीच्या गोळीने तिचा असर कमी होतो. हृदय किंवा यकृताचा त्रास असेल, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.
- घरात ज्यांना ज्यांना खाज आहे त्या सगळ्यांचा इलाज एकाच वेळी करा. नाहीतर आजार घरातल्या घरात फिरत राहतो.
- टॉवेल, अंतर्वस्त्रं, लुंगी, टोपी, कंगवा वेगळे ठेवा. कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून कडक उन्हात वाळवा. दमट कपडे कपाटात ठेवू नका.
- सैल सुती कपडे घाला. वझूनंतर पायाच्या बोटांच्या बेचक्या स्वतःच्या रुमालाने कोरड्या करा, मगच मोजे घाला. सगळ्यांनी मिळून वापरायचा एकच टॉवेल मशिदीत, मदरशात किंवा वसतिगृहात टांगलेला असेल तर तो काढून टाकणं हे मोठं काम ठरेल.
- मुलाच्या डोक्यात चकती पडून केस तुटत असतील तर मलमावर वेळ घालवू नका. त्याला पोटातून औषध लागतं आणि उशीर झाला तर केस कायमचे जाऊ शकतात.
- मधुमेह असेल तर साखर तपासून घ्या. साखर वाढलेली असेल तर बुरशी हटायला वेळ लागतो.

मेडिकलवाल्या भावांनाही आमची विनंती आहे. तुमच्या काउंटरवर ट्यूब मागणारा माणूस तुमच्यावर विश्वास ठेवून येतो. स्टेरॉइडची ट्यूब चिठ्ठीशिवाय देऊ नका. एक गिऱ्हाईक नाराज होईल, पण एक घर वाचेल.

ग्रिसिओफल्विनला एकोणीस वर्षं लागली, टर्बिनाफिनने जेमतेम वीस-पंचवीस वर्षं साथ दिली. पुढचं औषध आज ना उद्या येईल. ते आल्यावर आपण त्याचीही चार औषधांची मिश्र ट्यूब करून बिनचिठ्ठीची विकली, तर तेही तेवढ्यातच संपेल. म्हणून कपाटातली ती अर्धी वापरलेली ट्यूब आज बाहेर काढा आणि तिच्यावरचं नाव एकदा वाचा.